राक्षसमामाच्या भुवया

वाचनालयाच्या बालविभागाचं दार तिने ढकललं आणि आतून कुणीतरी तिच्यावर ओरडलं,

“सातवा मोजा कुणी नेला?”

ती दचकली. हातातली पिशवी खाली पडली. सतरंजीवर बसलेली वीस-बावीस मुलं एकदम मागे वळली आणि जीव खाऊन किंचाळली,

“मी नाही!”

“मीही नाही,” ती म्हणाली. तिला खरं बोलायची सवय होती.

मुलं खिदळली. समोर एका बुटक्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. बसला होता म्हणजे, एका मोठ्या पुस्तकाच्या वर त्याचे केस आणि खाली त्याचे गुडघे, एवढंच दिसत होतं. पुस्तक हळूहळू खाली आलं. आधी कपाळ दिसलं, मग भुवया. त्या भुवया तिने पाहिल्या आणि पिशवी उचलायची तशीच राहिली. एक वर चढलेली, दुसरी खाली घसरलेली, आणि दोघींचं एकमेकींशी जणू कडाक्याचं भांडण.

“बोला,” तो घोगऱ्या आवाजात गुरगुरला, “नाहीतर... नाहीतर...”

मुलांनी श्वास रोखले.

“नाहीतर मी रडेन!” आणि त्याने भोकाड पसरलं.

हसून हसून दोन मुलं आडवी झाली. ती मागच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली आणि त्याच पुस्तकाची दुसरी प्रत चाळू लागली. निदान चाळतेय असं दाखवू लागली.

ती कानांच्या दवाखान्यात मुलांची श्रवणचाचणी करायची. बाहेरच्या बाकावर मूल साधारण चार मिनिटं शांत बसतं, हे तिने घड्याळ लावून पाहिलं होतं. तिला आठ मिनिटं हवी होती. त्यासाठी चित्रांची पुस्तकं शोधायला ती आज आली होती. घरी तिची वहिनी तिला ‘मोजपट्टी’ म्हणायची, ते काही उगीच नाही.

वाचन संपलं. मुलं आपापल्या आयांकडे पांगली. तो माणूस तेच पुस्तक काखेत मारून तिच्याजवळ आला. त्याच्या बोटांना हिरवा रंग लागलेला होता.

“मोजा सापडला का?” त्याने विचारलं.

“तुमच्या राक्षसाला पाय किती?”

“घुटर्रमला? सात. पहिल्या पानावरच लिहिलंय. सात पाय, सहा मोजे, म्हणून तर सगळा गोंधळ.”

“नवव्या पानावर आठ आहेत.”

तो हसला. मग हसणं आवरून त्याने नववं पान काढलं आणि बोट ठेवून पाय मोजले. मग उलट्या बाजूने मोजले.

“दोन वर्षं झाली हे छापून,” तो हळूच म्हणाला. “हे मी लिहिलं, मीच काढलं. दर रविवारी मीच वाचतो. आजवर एकानेही...”

“मुलं मोजत नसतील.”

“मोजतात हो. सांगत नाहीत, इतकंच. तुम्ही सांगता.”

“सॉरी. मला ते... दिसतं. दिसलं की राहवत नाही.”

“आणखी काय दिसलं?”

तिला भुवया दिसल्या होत्या. पण ते काही सांगण्यासारखं नव्हतं. “मला एक पुस्तक हवंय,” ती घाईने म्हणाली. “मूल आठ मिनिटं गप्प बसेल असं.”

“मग चुकीच्या माणसाकडे आलात. माझ्या पुस्तकाने मूल गप्प बसलं, तर मी ते पुस्तक जाळेन.”

ती हसली. हसताना ती खाली बघायची, ही तिची जुनी खोड. खाली पाहिलं तर त्याच्या पॅन्टला धरून एक साडेचार वर्षांची मुलगी उभी होती. दोन आखूड शेंड्या, आणि नजर अशी की समोरच्याच्या चेहऱ्यावरून इकडची तिकडे हलत नाही.

“ही मुंगी. माझ्या ताईची मुलगी,” तो म्हणाला. “माझी पहिली वाचक. नवीन गोष्ट आधी हिच्यासमोर वाचायची. ही हसली तर पान ठेवायचं, नाही हसली तर फाडायचं. मुंगे, यांना नाव सांग तुझं.”

मुंगी तिच्या ओठांकडे पाहत राहिली.

“मुंगी!” मामाने वाकून, भुवया उडवून, खुणेने विचारलं, तेव्हा तिने फटकन सांगितलं, “मुंगी!” आणि पळाली.

ती घरी आली ती घुटर्रमचं पुस्तक घेऊन. आणि एक बारीकशी शंका घेऊनही.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे ती शिकली होती. म्हणून पुढच्या रविवारी ती परत गेली. म्हणजे, निदान स्वतःला तिने हेच कारण दिलं. नवा कुर्ता का घातला, याचं कारण तिने दिलं नाही आणि वहिनीने विचारलं तेव्हा ऐकू न आल्यासारखं केलं.

या खेपेला ती भिंतीशी उभी राहिली आणि फक्त मुंगीकडे पाहत राहिली. मुंगी पहिल्या ओळीत अगदी मध्ये बसली होती. मामाचा चेहरा समोर असला की ती सगळ्यांच्या आधी हसे. पण राक्षसाच्या आवाजासाठी त्याने पुस्तक तोंडापुढे धरलं, की तिची मान मागे वळे. ती इतर मुलांकडे बघे. ती मुलं किंचाळली की ही किंचाळे. अर्ध्या सेकंदाने, उशिरा. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येणार नाही इतका उशीर.

एकदा, दोनदा... चौथ्यांदा तसंच झालं तेव्हा तिने मोजणं थांबवलं.

वाचन संपल्यावर तो लगबगीने तिच्याकडे आला. नववं पान उघडून तिच्यापुढे धरलं. आठव्या पायाच्या जागी आता एक झुडूप होतं.

“काल संध्याकाळी बसून बालविभागातल्या सगळ्या प्रतींमध्ये झुडपं लावली,” तो म्हणाला. “वनीकरणच झालं म्हणा ना. आता तुम्ही मोजून सही केलीत की... कोपऱ्यावर चहा बरा मिळतो. म्हणजे, तुम्हाला वेळ असेल तर...”

तिला वेळ होता. तिला तो चहा फार हवा होता. आधी चहा घ्यावा, मग सांगावं, असंही क्षणभर वाटून गेलं. पण ते मनात ठेवून ती चहा पिऊ शकली नसती.

“मुंगीचे कान तपासून घ्या,” ती म्हणाली.

“काय?”

“मी कानांच्या दवाखान्यात काम करते. मला वाटतं, तिला नीट ऐकू येत नाहीये. ती तुमचा चेहरा वाचते.”

त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

“अहो, पहिल्या ओळीत बसते ती. प्रत्येक जागी हसते! बोलते, गाणी म्हणते...”

“तुम्ही समोर असता तेव्हा हसते. पुस्तक आड आलं की...”

“तुम्हाला सगळीकडे चूकच दिसते का हो?” तो जोरात म्हणाला. दोन आयांनी वळून पाहिलं. त्याने आवाज खाली आणला. “ते पायाचं ठीक होतं. ही माझी भाची आहे. चित्र नाही.”

“म्हणूनच सांगितलं,” ती म्हणाली. तिच्याकडे दवाखान्याचा पत्ता छापलेलं कार्ड होतं. ते तिने झुडपाच्या पानावर ठेवलं आणि निघाली. बाहेर भुरभुर पाऊस होता. छत्री पिशवीत आहे, हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.

“मग?” वहिनीने टॉवेल देत विचारलं. “पाय बरोबर झाले का राक्षसाचे?”

“झाले.”

“आणि मालकाचे?”

“वहिनी, प्लीज.”

वहिनीने तिचा चेहरा पाहिला आणि थट्टा तिथेच आवरली. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “तू बरोबर केलंस, मोजपट्टी. पण जरा चहा पिऊन सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?”

“बिघडलं असतं,” ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

सोमवार गेला. मंगळवार गेला. दवाखान्यात दाराचा आवाज झाला की ती वर पाही आणि मग स्वतःवरच चिडे. तो येवो न येवो, मुंगी यायला हवी होती. त्या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवायचा ती फार प्रयत्न करत होती.

बुधवारी ते आले. मुंगी, मुंगीची आई आणि तो. त्याने दाढी केली नव्हती.

“मी तिच्या पाठीमागे उभा राहिलो,” तो दारातूनच म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. “काल. ती चित्र रंगवत होती. मी म्हटलं, सातवा मोजा कुणी नेला? राक्षसाच्या आवाजात. झोपेतून उठून ‘मी नाही’ म्हणते ती याला. मी तीनदा म्हटलं. ती...” त्याने मुंगीकडे पाहिलं. “ती रंगवत राहिली.”

मुंगीच्या आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “अरे, मला तरी कुठे कळलं? हाक मारली की ओ देत नाही, तर मी म्हणायचे, मामासारखी हट्टी आहे.”

“शब्दांचे विनोद तिला आवडत नाहीत, असं मला वाटायचं,” तो म्हणाला. “चित्र हवं, वेडंवाकडं तोंड हवं. म्हणून शब्दांची पानं मी फाडत गेलो. इतके महिने मी तिच्या न ऐकू येण्यावर पुस्तकं बेतत होतो, आणि मला वाटत होतं की मी फार हुशार आहे.”

“तुम्ही तिला हसवत होतात,” ती म्हणाली. “ते वाया गेलेलं नाही. आत चला.”

तपासणीची खोली म्हणजे काचेची खिडकी असलेली एक छोटी, आवाजबंद खोली. मुंगीच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात लाकडी ठोकळा दिला. बारीक ‘टिंग’ ऐकू आलं की ठोकळा डब्यात टाकायचा, एवढाच खेळ. बटणं बाहेर, खिडकीपाशी, तिच्या हाताखाली. ती कधी दाबते ते मुलाला दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची आडोशाची पट्टी. सोबतच्या मोठ्या माणसाला ती नेहमी मुलाच्या मागे बसवायची. नेहमी म्हणजे नेहमी.

त्या दिवशी मुंगीने मामाचा हात सोडला नाही, तेव्हा “बरं, बसा समोर” असं ती म्हणून गेली. मुंगी घाबरली होती, हे खरंच. पण समोर बसलं की काचेतून त्याचा चेहरा दिसत होता, हेही खरं होतं.

तिने बटण दाबलं. ठोकळा पडला. आवाज कमी केला. ठोकळा पडला. आणखी कमी केला... पडला. कागदावरच्या खुणा वर वर सरकत गेल्या, निरोगी कानांच्या रेषेत जाऊन बसल्या. मुंगीच्या आईने डोळे पुसले. आत तो खुशीत मान डोलावत होता.

आणि तिला आनंद होईना. निकाल फारच चांगला होता. काल पाठीमागचा राक्षस ऐकू न आलेली मुलगी आज पान पडल्याइतका आवाज ऐकत होती!

तिने हात बटणाकडे नेला. आणि दाबलंच नाही.

आत त्याच्या दोन्ही भुवया टुणकन वर उडाल्या. ठोकळा डब्यात पडला.

तिने पुन्हा नुसता हात नेला. भुवया उडाल्या, ठोकळा पडला. पट्टीच्या कडेवरून, त्याच्या खुर्चीतून तिचा हात सरळ दिसत होता. ‘ऐक गं, ऐक गं’ असं मनातल्या मनात म्हणत तो तिच्या हातावर डोळे लावून बसला होता, आणि मुंगी त्याच्या कपाळावर.

क्षणभर तिला हसू आलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. असली चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीनेही केली नसती. ती आत गेली.

“तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसाल का?” तिने विचारलं.

“का? चांगलं चाललंय ना?”

“तुमच्या भुवया ऐकतायत. ती नाही.”

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो उठला. खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला, शिक्षा झालेल्या मुलासारखा. त्याची मान खाली गेली.

“चूक माझीसुद्धा आहे,” ती त्याच्या खांद्याजवळ हळू म्हणाली. “मी तुम्हाला तिथे बसवायला नको होतं.”

“मग का बसवलंत?”

ती घाईने बटणांपाशी परतली. तिचे कान तापले.

या वेळी ठोकळा मुंगीच्या मुठीतच राहिला. टिंग... टिंग... टिंग... मुंगी मामाच्या पाठीकडे पाहत होती. बराच मोठा आवाज केल्यावर कुठे तिने दचकून ठोकळा टाकला. मग हेडफोन काढून, आवाज हाडातून थेट आतल्या कानात पोचवणारा छोटा तुकडा कानामागे टेकवून पुन्हा तेच केलं, आणि तिथून दिलेला बारीकसा आवाजही तिने अचूक पकडला! शेवटी कानाच्या पडद्याचा दाब मोजणारं यंत्र. निरोगी कानात ते टेकडीसारखी रेघ काढतं. मुंगीच्या दोन्ही कानांची रेघ माळरानासारखी सपाट आली.

“ऐका,” ती दोघांना म्हणाली. “आधी चांगली बातमी. नस शाबूत आहे. आतला कान उत्तम आहे. पडद्यामागे पाणी साचलंय, चिकट. सर्दीनंतर मुलांना होतं असं. त्यामुळे कानात बोळे घातल्यासारखं ऐकू येतं.”

“म्हणजे... जाईल?” मुंगीच्या आईने विचारलं.

“बहुतेक मुलांचं आपोआप ओसरतं. मोठे डॉक्टर बघतील, पण ते तीन महिने थांबायला सांगतील. नाहीच ओसरलं तर पडद्यात बारीक नळी बसवायचं छोटं ऑपरेशन. तोवर तिच्याशी समोरून, जवळून बोला. वाचताना पुस्तक तोंडाआड धरू नका.”

तो खाली बसला. सरळ जमिनीवर, डब्याशेजारी. मुंगी लगेच त्याच्या मांडीवर चढली. त्याने तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि मग वर पाहिलं.

“मी तुमच्यावर ओरडलो.”

“हो.”

“तरी तुम्ही कार्ड ठेवून गेलात.”

“झुडूप छान काढलं होतं,” ती म्हणाली.

त्यानंतर रविवारचं वाचन बदललं. बुटकी खुर्ची गेली. तो सतरंजीवर बसू लागला, पुस्तक छातीशी, चेहरा मोकळा, मुंगी हाताच्या अंतरावर. घुटर्रमची गुरगुर आता नाक फेंदारून, सगळ्यांसमोर व्हायची. आणि ती मागे उभी न राहता पुढे येऊन बसू लागली. कामाचा भाग म्हणून. वहिनी म्हणायची, “हो हो, कामाचाच भाग. ओव्हरटाइम मिळतो का गं?”

वाचनानंतर मुंगी तिला ओढत कपाटापाशी नेई. “ठोकळेमावशी, हे वाच.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मामा दचकलाच. “मावशी नको गं!”

“का?”

“का म्हणजे... मावशी म्हणजे आईची बहीण. म्हणजे माझीही बहीण झाली की!”

“मग ठोकळेताई?”

“ती तर आणखीनच बहीण झाली!” त्याने डोक्याला हात लावला. मुंगीची आई पुस्तकात तोंड घालून हसत होती. “बाई म्हण. ठोकळेबाई. सध्या.”

“सध्या?” ती खाली बघत म्हणाली.

“सध्या,” तो म्हणाला, आणि एकदम झुडपांबद्दल बोलू लागला.

सहा आठवड्यांनी मधली तपासणी झाली. दोन्ही रेघा अजून सपाटच. मुंगीची आई मोठ्या डॉक्टरांशी ऑपरेशनचं बोलायला आत गेली. तो बाहेर, खिडकीपाशी उभा होता. मुंगी बाकावर घुटर्रम चाळत होती.

“भूल द्यावी लागते ना?” त्याने विचारलं.

“थोडा वेळ. रोज होतात अशी ऑपरेशनं. पण अजून सहा आठवडे आहेत.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“माझ्या वाटण्याने रेघ बदलत नाही.” मग तिला ते फार कोरडं वाटलं. “पण... वाटतं, ओसरेल.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. आज त्याच्या भुवया अगदी शांत होत्या. “तीन महिने थांबायचं ते तिच्या कानांसाठी,” तो म्हणाला. “मला किती थांबायचंय?”

तिचं हृदय एवढ्या जोरात वाजलं की आतल्या यंत्राने टिपलं असतं. “ती माझी पेशंट आहे,” ती म्हणाली. “तुम्ही तिच्यासोबत येता. अशात मला... एकदा तुमचा चेहरा बघत बसले, तर अख्खी चाचणी चुकली.”

“म्हणजे तुम्ही माझा चेहरा—”

“फाइल बंद होईपर्यंत थांबा,” ती घाईने म्हणाली आणि आत निघून गेली. दार लावल्यावर ती बराच वेळ दाराला टेकून उभी होती.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी ती पहाटेच जागी झाली. यंत्र तिने दोनदा तपासलं. पट्टी जराशी सरळ केली. मनाशी ठरवलं, रेघ सपाट आली तरी चेहरा बदलू द्यायचा नाही. मुंगी चेहरे वाचते.

तो आला आणि न सांगता खुर्ची घेऊन बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला. मुंगीची आई ओढणीचं टोक पिळत उभी.

टिंग. ठोकळा पडला.

तिने आवाज कमी केला. पडला. आणखी कमी... मुंगीने मान तिरपी केली, डोळे बारीक केले, जणू दूरवर कुणीतरी हाक मारतंय. पडला. तिने हात नुसताच बटणाकडे नेला. ठोकळा मुठीतच राहिला. पुन्हा दाबलं. पडला!

मग तिने दाबाचं यंत्र लावलं. कागद सरकू लागला. रेघ सपाट निघाली, सपाटच चालली, आणि मग वर चढली. चढत गेली. उतरली. नीटस टेकडी. दुसऱ्या कानालाही तशीच, जराशी बुटकी.

“आली,” ती म्हणाली. तिने तो कागदच मुंगीच्या आईच्या हातात दिला. “दोन्ही. ओसरलं. ऑपरेशन नको.”

मुंगीच्या आईने तिला मिठीच मारली, मग मुंगीला, मग कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांची सही आणायला धावत गेली. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाचे खांदे हलत होते. तो वळला तेव्हा त्याने लपवायचा प्रयत्नही केला नाही. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि बाहीवरचा हिरवा रंग गालाला लागला.

मुंगी बाहेरच्या खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यांच्याकडे पाठ करून, ठोकळ्यांचा मनोरा रचत बसली होती. मोठ्या माणसांच्या रडारडीत तिला काही रस नव्हता.

सही झालेला कागद आला. मुंगीची आई औषधांच्या खिडकीकडे गेली. बहुधा मुद्दामच, कारण औषध कसलंच नव्हतं. इकडे तिने कागद फाइलला लावला, तारीख घातली, नाडी बांधली.

“बंद झाली,” ती म्हणाली.

तो उभा राहिला. तोंड उघडलं. मिटलं. “मी... तीन महिने पाठ केलं होतं,” तो म्हणाला. “सगळं. अगदी क्रमाने. पण आता...”

“राक्षसाच्या आवाजात सांगायचं असेल तरी चालेल.”

“नाही, ते माझ्याच...” पण तो आवाज काही केल्या बाहेर येईना. नऊ राक्षसांचे आवाज काढणारा माणूस, आणि स्वतःच्या आवाजाला पारखा झालेला!

तेव्हा तीच पुढे झाली. आयुष्यभर ती कमी बोलली होती, नेमकं बोलली होती. आजही तिने तेच केलं. अगदी त्याच्याजवळ जाऊन, जवळजवळ श्वासानेच ती म्हणाली,

“मला तुम्ही आवडता. पहिल्या रविवारपासून. खात्री करावी म्हणून थांबले होते. दर वेळी निकाल तोच आला.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटत गेलं ते बघायला तिला कुठलीच काच आड नव्हती.

“ऐकलं मी,” कुणीतरी म्हणालं.

दोघांनी दचकून वळून पाहिलं. मुंगी तशीच बसली होती. पाठमोरी. तिने मान वळवली नव्हती, कुणाचा चेहरा पाहिला नव्हता. एक ठोकळा ती अगदी जपून वर ठेवत होती.

“काय... काय ऐकलंस?” तिने विचारलं.

“ठोकळेबाईला मामा आवडतो,” मुंगी म्हणाली. “पहिल्या रविवारपासून.”

तिने डोळे गच्च मिटले. खोलीची लांबी, कुजबुजीचा आवाज, वळलेली पाठ, सगळं तिच्या डोक्यात आपोआप मांडलं जात होतं. आणि मग ते मांडणं थांबलं. तीन महिने छातीत धरून ठेवलेला श्वास एकदम सुटला. ती हसत होती की रडत होती, कोण जाणे. त्याने तिचा हात धरला होता, एवढं तिला कळलं.

“मामा, आता तू बोल ना,” मुंगी म्हणाली. “पण ओरडू नकोस हं. मला येतं ऐकू.”

मग तो बोलला. हळूच.